लग्न त्यांचं, मांडा आपला

माय, आज मी मांडे करायला घेतले होते. इथे जळगावात कुंभाराकडून मुद्दाम मोठं खापर आणलं, गच्चीवर विटा मांडून चूल केली, पीठ वस्त्रगाळ करून घेतलं आणि कणीक तुझ्यासारखीच तिंबून तिंबून मऊ केली, असं निदान मला वाटलं. पहिला मांडा मनगटापर्यंत आला आणि मधोमध फाटून पुरण माझ्या साडीवर पडलं. दुसरा खापरापर्यंत पोचला, पण सपाट पडायच्या ऐवजी गोळा होऊन. शेवटी सगळे तुकडे एका ताटात घेतले, वर तूप आणि दूध ओतलं आणि एकटीने बसून खाल्ले. सांगू का, चव तुझ्याच हातची होती. फक्त रूप नव्हतं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, आणि मग मला बाजूला सारून स्वतः चुलीपुढे बसली असतीस.

तू गेलीस त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण तुझ्याशी मनातल्या मनात बोलणं चालूच होतं. आज मात्र चुलीपुढे बसून डोळ्यांतलं पाणी पुसताना वाटलं, माझी नोकरी शेवटी कशी संपली ते तुला नीट सांगायला हवं. बाकी कोणाला सांगितलं तर त्यांना ते राजकारण वाटतं. एका बाईला एक जागा मिळावी की मिळू नये, एवढीच ती गोष्ट होती, आणि त्यात माझी स्वतःची जागा गेली. तुला ती लगेच कळेल, कारण असल्या गोष्टी तू दोंडाईच्याच्या आसपासच्या लग्नघरांत जन्मभर निस्तरल्यास.

मला तुझा तो काळ आठवतो. मी धुळ्याला कॉलेजात होते आणि लग्नसराईच्या सुट्टीत तुझ्याबरोबर पुरण वाटायला यायचे. लग्न कोणाचंही असो, मांडे करायला अक्काच्या बायका, म्हणजे तुझ्या, हे ठरलेलं. मांडवाच्या मागे चुलींची रांग, प्रत्येक चुलीवर उपडं खापर, खाली कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, आणि प्रत्येक खापरामागे तुझी एकेक बाई. पुरण भरलेला कणकेचा उंडा लाटायचा, मग हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर खेळवत खेळवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. बघणाऱ्याला वाटावं, बाई हवेत काहीतरी धुते आहे. खापरावर कोणी बसायचं ते तू ठरवायचीस. पण ठरवू कोण देत होतं तुला? लग्न ठरलं की निरोप यायला लागायचे. सरपंचाची भाची, सावकाराच्या घरी भांडी घासणारी, नवरदेवाच्या मामांची शेजारीण, सगळ्यांना अक्काच्या बायकांत घुसायचं असायचं, कारण त्यात पैसा होता, लुगडं होतं आणि मानही होता.

यजमानाचा हट्ट तर सगळ्यांत मोठा. तो एक जमीनदार मला अजून डोळ्यांपुढे दिसतो, पांढरी टोपी, हातात सुपारीचा अडकित्ता. तो म्हणतो, "अक्का, हाई आमनी वहिनी. हिले खापरवर बसाडा. घरनी बाई शे, पैसा घरना घरमा ऱ्हाई." मागे ती वहिनी उभी, विधवा, खाली मान घालून. तू तिच्याकडे एकदा पाहिलंस, त्याच्याकडे एकदा पाहिलंस आणि म्हणालीस, "लगीन तुमनं शे, भाऊ. मांडा मना शे." तो हसला, पण त्याला ते झोंबलं होतं. तूही अगदीच तोडलं नाहीस. वहिनीला घेतलंस, आणि बसवलंस कुठे, तर जाळ घालायला. दिवसभर काड्या सरकवायच्या, राख ओढायची. मला तेव्हा फार आनंद झाला. वशिल्याची बाई बरोबर धुरात बसली, असं मी तुझ्या एका बाईच्या कानात म्हणाले आणि आम्ही दोघी फिदीफिदी हसलो.

पुढे काय झालं ते तुला मी काय सांगू. भर उन्हात, पहिली पंगत बसायच्या सुमाराला, तुझी सगळ्यांत जुनी बाई भोवळ येऊन खाली बसली. तिला सावलीत नेलं, कांदा हुंगवला, पण तिचं खापर रिकामं तापत राहिलं. तू स्वतः दुसऱ्या खापरावर होतीस. वाढपी आत-बाहेर करत होते आणि जमीनदार "अक्का, पंगत खोळंबनी" म्हणून ओरडत होता. तेवढ्यात ती वहिनी चुलीपासून उठली, हात धुतले, पदर खोचला आणि तुला हळूच म्हणाली, "अक्का, एक करी दखू का?" तू उत्तर द्यायच्या आत तिने उंडा उचलला होता. तिचा मांडा कोपराच्या पुढे गेला. इतका पातळ की त्यातून मांडवाची झालर दिसत होती. तो तिने खापरावर टाकला तेव्हा एक सुरकुती पडली नाही. तू फक्त तुझ्याजवळची उंड्यांची परात तिच्याकडे सरकवलीस आणि तिची जाळ घालायची जागा मला दिलीस.

परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आपण सगळ्या दमून भांड्यांना टेकून बसलो होतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून परत त्या वहिनीवरून हसले, की बघा, वशिल्याची असून जमलं तिला. तू माझ्याकडे वळलीस. "हसस कसाले? चूक तिनी नही, मनी शे. मी धाडनारले दखं. तिले दखंच नही." एवढं म्हणून तू डोळे मिटलेस. मला वाटलं होतं तू तिला खापर नाकारलंस म्हणजे न्याय केलास. तुझ्या लेखी मात्र तो न्याय नव्हता, तिला धाडणाऱ्यावरचा नुसता राग होता. पुढच्या सराईला तू स्वतः तिच्या गावी गेलीस, यजमानाला न विचारता, आणि तिला घेऊन आलीस. नंतर ती तुझ्यापेक्षा जास्त लग्नांची कामं घ्यायला लागली, ते सोड. तू तिच्यावर थोडी जळायचीसही, ते मला माहीत आहे.

मग माझं शिक्षण, दिल्लीची नोकरी, आणि तिथून थेट परदेशात, नदीकाठच्या त्या शहरात, पाण्याचं आणि दुष्काळाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत. पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा तू विचारलंस, काय काम करतेस म्हणून. मी म्हटलं, माणसं निवडते. कोणत्या जागेवर कोणाला बसवायचं ते पाहते. तुझा चेहरा उजळला. "मंग तू मनाच धंदा करस ना!" असं म्हणून तू सगळ्या गल्लीला तेच सांगत सुटलीस, आणि पोरगी एवढं शिकून परदेशात मांडे करते की काय, असं दोन-तीन जणींना खरंच वाटलं.

तू म्हणालीस ते खरंच होतं. फक्त तुझ्याकडे एका वेळी एक यजमान असायचा, माझ्याकडे जगातली झाडून सगळी सरकारं. रुजू होताना आम्हाला शपथ घ्यावी लागते की कोणत्याही सरकारचं ऐकणार नाही आणि कोणत्याही सरकारकडे काही मागणार नाही. शपथेच्या कागदावरची शाई वाळायच्या आत फोन सुरू होतात. फोनवर कोणी धमकी देत नाही गं, सगळे फार गोड बोलतात. राजदूत जेवायला बोलावतात. आमच्या देशाचा हिस्सा अजून भरला नाही, एवढंच हसत हसत म्हणतात, आणि त्यात खोटं काही नसतं. प्रत्येक देशाच्या वाट्याला किती माणसं यावीत याचा अंदाज बांधलेला असतो, नाहीतर चार श्रीमंत देशांचीच माणसं सगळीकडे बसतील. मी स्वतः तरी कशी गेले? आपल्या देशाची माणसं तेव्हा कमी होती, त्यात बायका तर फारच कमी, म्हणून माझा अर्ज गठ्ठ्यातून वर आला. हे मला पहिल्याच आठवड्यात माझ्या साहेबांनी चहा पिता पिता सांगितलं. मला वाईट वाटलं नाही. मी त्या वहिनीसारखी आत आले होते, आता मांडा फाटू द्यायचा नाही, एवढंच मनाशी म्हटलं.

पण हिश्शाच्या आडून बाकीचंही पुष्कळ चालतं. काही खुर्च्या म्हणे अमुक देशाच्याच. कुठे लिहिलेलं नसतं, पण तिथला माणूस निवृत्त झाला की त्याच्याच देशाचा दुसरा येतो, जशी पाटीलकी बापाकडून लेकाकडे. काही श्रीमंत सरकारं आपली तरुण मुलं स्वतःच्या पैशाने दोन-तीन वर्षं आमच्याकडे पाठवतात. कामाला फुकट माणूस मिळतो म्हणून आमचे लोक खूश, आणि पुढे जागा निघाली की त्या मुलाकडे अनुभव तयार. गरीब देशाच्या पोरीला तो अनुभव कोण देणार? जाहिरातीही कधी कधी अशा लिहून यायच्या की मला स्थळाच्या जाहिराती आठवाव्यात. मुलगा उंच, गोरा, अमुक गावचा, तमुक पेढीवर कामाला, म्हणजे मुलगा ठरलेलाच आहे, बाकीच्यांनी उगाच पत्रिका पाठवायच्या. अशा जाहिराती मी पुष्कळदा परत पाठवल्या. काही माझ्या नाकावर टिच्चून गेल्याही. आणि सर्वांत वरच्या जागांची तर सरळ देवाणघेवाण. तुम्ही आमच्या माणसाला इथे मत द्या, आम्ही तुमच्याला तिथे देतो. त्या सगळ्यात राहून मी अगदी धुतल्या तांदळासारखी राहिले असं नाही, पण बरीच वर्षं बऱ्यापैकी काम केलं. मला ते काम आवडायचं, माय. चांगला माणूस बरोबर जागेवर बसला की मला रात्रभर छान झोप लागायची.

मग ती शेवटची जागा निघाली. कोरडवाहू मुलखातल्या पाण्याची एक मोठी योजना होती, त्या योजनेचा प्रमुख हवा होता. योजनेचा मोठा खर्च एकच सरकार देत होतं. त्यांचा एक उमेदवार होता, त्यांच्याच मंत्रालयातला वरिष्ठ अधिकारी. त्यांच्या राजदूतांनी आमच्या संचालकांना दोनदा जेवायला नेलं. आणि अर्जांत एक बाई होती, एका छोट्या डोंगराळ देशातली. नकाशावर बोट ठेवलं तर तो देश बोटाखाली झाकला जाईल. त्या देशाचा आमच्या शहरात दूतावाससुद्धा नव्हता. तिच्यासाठी फोन करणारं कोणी नव्हतं, आणि करायचा म्हटला तरी तिच्या सरकारला फोन नंबर शोधावा लागला असता.

निवड समितीत माझ्याकडे नियम पाहायचं आणि शेवटी अहवाल लिहायचं काम होतं. समितीतले माझे सहकारी त्या जेवणावळींनी इतके चिडले होते की पहिल्याच बैठकीत त्यांनी ठरवलं, त्या सरकारचा माणूस चाळणीतच काढून टाकायचा. मी म्हटलं, नाही, त्यालाही बोलवायचं. माझ्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं, जणू मीच त्या जेवणाला जाऊन आले होते. एक सहकारी तर स्पष्ट म्हणाली, "तुला पण फोन आला वाटतं?" आता तिला मी दोंडाईच्याच्या लग्नाची गोष्ट कुठून सांगू? फोन आला म्हणून माणूस चांगला ठरत नाही, तसा वाईटही ठरत नाही, एवढं म्हणून मी अडून बसले. तुझी ट्रॉलीतली ती मिटलेल्या डोळ्यांची मुद्रा मला त्या बैठकीत दिसत होती.

मग सगळ्यांना एकच परीक्षा दिली. त्या लग्नानंतर तू नव्या बाईच्या हातात आधी उंडा द्यायचीस, तशीच. एक कालवा, त्यावर तीन गावं, पाणी पुरणार नाही हे उघड. आमच्यातलेच काही जण गावकरी होऊन बसले, एक जण पाटबंधाऱ्याचा साहेब झाला. उमेदवाराने आत यायचं आणि बैठक चालवायची. मोठ्या सरकारचा तो माणूस वाईट नव्हता हं. अभ्यास होता, बोलणं सभ्य होतं, आकडे तोंडपाठ. पण पूर्ण वेळ तो पाटबंधाऱ्याच्या साहेबाशीच बोलला. गावकरी होऊन बसलेल्या आमच्या दोन बायकांनी तीनदा तोंड उघडलं, तीनदा त्याने हात वर करून "नंतर" म्हटलं. डोंगरातली बाई आली, तिने खुर्ची साहेबाजवळून उचलून मध्ये ओढली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी सोडायची वेळ कोण ठरवतं, आणि ती तुम्हाला कशी कळते?" त्यानंतर अर्धा तास ती फारसं बोललीच नाही, ऐकत होती. बैठक संपली तेव्हा खोटे गावकरी खरंच भांडण विसरून पाळ्या लावत होते. समितीत सगळ्यांचं एकमत झालं, आणि पहिल्या बैठकीत मला टोमणा मारणारी सहकारी माझ्यासाठी कॉफी घेऊन आली.

खरं घोडं पुढे अडलं. समिती फक्त शिफारस करते, सही संचालकांची. आणि माझ्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांची मुदतवाढसुद्धा त्याच महिन्यात त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडलेली. तेव्हा आपल्या दूतावासातल्या एका अधिकाऱ्याचा मला फोन आला. तो नागपूरकडचा, माझ्याशी नेहमी मराठीतच बोलायचा, सणाला घरी बोलवायचा. चांगला माणूस. म्हणाला, "मॅडम, आपला एक उमेदवार दुसऱ्या संस्थेत फार वरच्या जागेला उभा आहे. तुमच्या योजनेला पैसे देणाऱ्या त्या देशाचं मत आपल्याला लागतं. तुम्ही कोणाचं वाईट लिहा असं नाही म्हणत. अहवालात दोघंही योग्य आहेत, एवढंच लिहा. दोन ओळी जरा सैल सोडा. पुढचं संचालक बघून घेतील." मग तो म्हणाला, "शेवटी तुम्ही आपल्याच आहात ना." त्यात राग नव्हता, उलट माया होती, म्हणून ते जास्त जड गेलं. माझ्या तोंडून नकळत तुझंच वाक्य निघालं, "लगीन तुमनं, भाऊ, मांडा मना." तो म्हणाला, "काय म्हणालात?" मी म्हटलं, "काही नाही, आमच्याकडची म्हण आहे. ओळी सैल होणार नाहीत." फोन ठेवल्यावर मी खोलीचं दार आतून लावून घेतलं हेही तुला सांगते. मी काही झाशीची राणी नाही.

अहवालात मी सरळ लिहिलं. ही बाई या कामाला योग्य आहे, या या कारणांनी. हे गृहस्थ अभ्यासू आहेत, पण या कामाला योग्य नाहीत, या या कारणांनी. संचालकांनी तो बरेच आठवडे टेबलावर ठेवला. मला बोलावून एकदा विचारलं, यात काही बदल सुचतो का? मी म्हटलं, स्वल्पविराम हवा तर बदलते. ते हसले. तेही बिचारे दोन दगडांच्या मधे होते. शेवटी त्यांनी सही केली. कशी केली, का केली, मला अजून कळलेलं नाही. कदाचित सगळं इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना उलटं करणं त्यांनाही जड गेलं असेल. त्या मोठ्या सरकारने काही काळ पैसे रोखून धरले, मग मुकाट्याने सोडले. आणि माझी मुदतवाढ काही झाली नाही. निधीची अडचण, असं पत्र आलं. त्या अहवालामुळे झालं असं मला कोणी म्हटलं नाही. असं कोणी म्हणत नसतं.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच घरी आले, माय, आणि खरं सांगते, मला इथे छान वाटतं. सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारते, येताना भरताची वांगी घेते, थंडीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करते, ती मात्र मला जमते. त्या डोंगरातल्या बाईचा अधूनमधून फोटो येतो, कधी कोणत्या तरी कालव्याच्या काठावर उन्हात डोळे बारीक करून उभी, कधी गावातल्या बायकांच्या घोळक्यात जमिनीवर बसलेली. खाली दोन शब्द लिहिते, बस. तिला माझ्या मुदतवाढीचं काही माहीत नाही आणि तिने ते कळून घ्यावं असंही मला वाटत नाही. तिला जागा तिच्या हाताने मिळाली, माझ्या नोकरीने नाही.

इथल्या लोकांना मात्र वाटतं माझ्या पदराला अजून किल्ल्या बांधलेल्या आहेत. खालच्या मजल्यावरचे एक नाना आहेत, डाळ मिलवाले. परवा मुलीला घेऊन आले. मुलगी ठिबक सिंचनाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. नाना म्हणाले, "ताई, तुमची तिकडे ओळख तर असेलच. एक फोन लावून द्या फक्त. बाकी पोरगी हुशार शे." मुलगी लाजून लाल झाली. "पप्पा, तसं नसतं तिकडे," म्हणाली. मी म्हटलं, तसंही असतं बेटा, पण तुला त्याची गरज पडू नये असं बघू. मग तिला विचारलं, शेतात नळी तुंबली आणि शेतकरी चिडला तर तू काय करतेस? ती सांगायला लागली तशी थांबेना. आता ती रविवारी येते, अर्ज कसा लिहायचा ते आम्ही बघतो. मी फोन करणार नाही हे नानांना पटलेलं नाही. ते मनात मांडे खात बसलेत, खाऊ देत.

तुला वाचता येत नव्हतं. माझी सगळी पत्रं शेजारच्या मास्तरीणबाई तुला वाचून दाखवायच्या, आणि तुझं उत्तरही त्यांच्याच अक्षरात यायचं, म्हणून मी तुला कधी आतलं काही लिहिलंच नाही. हे पत्रही तुला कोणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि पुढचं मला तिसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्या कानावर जायला नको आहे. तेव्हा तू असतीस तरी मी हे पोस्टात टाकलं नसतं. तुझ्याशेजारी बसून हळूच बोलले असते.

अहवालावर सही झाली होती, त्या बाईला पत्र गेलं होतं, आणि माझ्या मुदतवाढीचं काहीच कळत नव्हतं. त्या दिवसांत एका दुपारी मी ऑफिसातून खाली बागेत गेले आणि आपल्या दूतावासातल्या त्या नागपूरच्या अधिकाऱ्याला फोन लावला. काय बोलायचं ते चालता चालता पाठ केलं होतं. साहेब, माझी दोनच वर्षं राहिली आहेत, संचालकांकडे आपल्या बाजूने एक शब्द टाकता का. बराच वेळ घंटी वाजली. मी परत लावला, परत वाजली. त्याने उचलला नाही, आणि नंतर त्याचा फोनही कधी आला नाही. माय, त्याने उचलला असता तर मी ते पाठ केलेलं वाक्य म्हणाले असते.